हिरवी टोपी घातली म्हणून टायर फुटायचा थांबत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी पाच वर्षं जुनी, टायर कंपनीतून आलेलेच. मे महिन्यात सहकुटुंब पुण्याहून नागपूरला समृद्धीवरून जायचंय. टायरवाला म्हणाला, "साहेब, समृद्धीला जायचं तर नायट्रोजनच भरा, साध्या हवेनं टायर फुटतो." मेहुणे म्हणतात ही शुद्ध लूट आहे, हवेत नायट्रोजनच असतो. खरं कोणाचं?

दोघांचंही थोडं थोडं. मेहुण्यांचं जरा जास्त.

आधी माझी बाजू सांगतो, म्हणजे उत्तराला किती किंमत द्यायची ते तुम्हाला ठरवता येईल. पुणे-नगर रस्त्यावर माझं टायरचं दुकान आहे, चोवीस वर्षं झाली. २०११ साली नायट्रोजनचं मशिन घेतलं, ते अजून चालू आहे. नव्यानं भरायचे टायरला चाळीस रुपये घेतो, टॉपअपचे दहा. नायट्रोजन भरला की खूण म्हणून व्हॉल्व्हवर हिरवी टोपी बसवतो. म्हणजे माझा गल्ला नायट्रोजनच्या बाजूचा आहे. मशिन विकायला आलेल्या माणसानं जे पाठ करून घेतलं होतं, की टायर थंड राहतो, अॅव्हरेज वाढतं, टायर फुटत नाही, हवा कमीच होत नाही, ते सगळं पहिली दोन वर्षं मीही गिऱ्हाइकांना ऐकवलं. त्यातलं फार थोडं टिकलं.

तुम्ही विचारताय गॅसबद्दल, पण तुमच्या पोटातली भीती टायरबद्दलची आहे. बायकापोरं आणि सामान घेऊन, ४२ डिग्रीच्या उन्हात, काँक्रीटच्या रस्त्यावर तासन्‌तास शंभर-एकशेवीसनं जाताना हे टायर साथ देतील का? त्या प्रश्नात नायट्रोजनचा वाटा किती, तेवढंच बघू.

आपण श्वासात घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन, उरलेल्या एक टक्क्यात आर्गन वगैरे. इथवर मेहुणे बरोबर. नायट्रोजनचं मशिन काही वेगळं बनवत नाही, कॉम्प्रेसरची हवा घेतं, त्यातला ऑक्सिजन आणि ओल अडवतं आणि बाकीचं पुढे सोडतं. बऱ्यापैकी राखलेल्या मशिनमधून ९५ टक्के किंवा त्याहून शुद्ध नायट्रोजन निघतो.

आता चाळीस रुपयांत तुमच्या टायरमध्ये नेमकं काय जातं ते बघा. दाब मोजायचा गेज शून्य दाखवतो तेव्हा टायर रिकामा नसतो. बाहेरच्या वातावरणाइतक्या, म्हणजे १४.७ पीएसआय (हे दाबाचं माप, आम्ही त्यालाच पॉइंट म्हणतो) दाबाची साधी हवा आत बसलेलीच असते. तिच्यावर ९५ टक्क्यांचा नायट्रोजन ३३ पर्यंत भरला की हिशेब जेमतेम ९० टक्क्यांवर येतो. ९३-९४ पर्यंत जायचं तर एकदा भरून, पूर्ण सोडून, परत भरावं लागतं. चार टायरना असं करायला अर्धा तास जातो. रविवारी संध्याकाळी रांग लागलेली असताना कुठल्याच दुकानातला पोऱ्या ते करत नाही. माझाही मी शेजारी उभा राहिलो तरच करतो.

टॉपअपची तर गंमतच आहे. टायरमध्ये साधी हवा आहे, गेज २८ दाखवतोय, तुम्ही दहा रुपये देऊन वरचे पाच पॉइंट नायट्रोजनचे भरलेत. आतल्या नायट्रोजनचं प्रमाण ७८ वरून ८० टक्क्यांवर गेलं. बस, एवढंच. त्या दहा रुपयांचा चहा घेतलात तर प्रवासात त्याचा जास्त उपयोग होईल.

उलटं केलं तरी तेच. नायट्रोजन भरलेल्या टायरमध्ये अडीनडीला साधी हवा मारली तर काहीही बिघडत नाही. "मिक्स झालं तर टायर खराब होतो" असं सांगणारे भेटतात, त्यात तथ्य नाही. पाच पॉइंट साध्या हवेनं ९० चे ८८-८९ टक्के होतात. हे मुद्दाम सांगतोय, कारण या भीतीपायी लोक नायट्रोजनचं दुकान सापडेपर्यंत कमी हवेवर पन्नास-पन्नास किलोमीटर गाडी रेटतात. धोका कुठे असेल तर तो तिथे आहे.

मग नायट्रोजनचा फायदा शून्य का? नाही. रबरातून ऑक्सिजन नायट्रोजनच्या तिप्पट-चौपट लवकर झिरपतो. त्यामुळे नायट्रोजनवाल्या टायरची हवा हळू उतरते, हे खरं आहे. किती हळू? अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहक मासिकानं ३१ प्रकारच्या टायरच्या जोड्या घेतल्या, एकात हवा, एकात नायट्रोजन, सगळे ३० पीएसआयला भरून वर्षभर नुसते ठेवून दिले. वर्षानं हवेवाले सरासरी ३.५ पीएसआयनं उतरले, नायट्रोजनवाले २.२ नं. फरक वर्षाला १.३ पॉइंट.

हा आकडा माझ्या दुकानातल्या एका प्रयोगाशेजारी ठेवा. गिऱ्हाईक फारच हुज्जत घालायला लागलं की मी एकाच टायरला तीन गेज लावून दाखवतो. माझा डायलचा ३३ दाखवतो, पोऱ्याचा पेनसारखा सळईचा ३१, आणि भिंतीवरच्या डिजिटल मशिनचा ३४. टायर तोच, मिनिटही तेच. म्हणजे वर्षभरात नायट्रोजन जेवढा वाचवतो त्याच्या दुप्पट गोंधळ दोन गेजमध्ये असतो. पेट्रोल पंपावर तर आणखी एक प्रकार होतो. आधीच्या गाडीचा आकडा मशिनवर तसाच राहिलेला असतो, हवा मारणारा नळी लावतो, टूंक वाजतं, नळी काढतो. तुमच्या गाडीला ३३ हवेत आणि आधी येऊन गेलेल्याला २८ हवे होते, हे ना त्याला माहीत ना तुम्हाला.

शिवाय हळूहळू झिरपण्याची गोष्ट सुट्या, ठेवलेल्या टायरची. रस्त्यावरच्या टायरची हवा उतरते ती व्हॉल्व्हच्या बुडाला भेग पडल्यानं, खड्ड्यात रिमची कड वाकल्यानं, अलॉयच्या कडेला गंज धरल्यानं, नाहीतर चक्क खिळ्यानं. साबणाचं पाणी लावलं की तिथे फेस धरतो. खिळ्याचं भोक आत कुठला गॅस आहे हे विचारत नाही.

आता उष्णतेचं, कारण तुमचा मूळ घोर तोच आहे. "नायट्रोजननं टायर थंड राहतो" हे वाक्य मी स्वतः शेकडो वेळा बोललोय आणि ते चूक आहे. टायर तापतो तो रबर वाकून-वाकून. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला जमिनीलगतचा भाग दबतो, साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, फुगते, परत सरळ होते. हवा कमी असेल तर हे वाकणं वाढतं, वजन जास्त असेल तर वाढतं, वेग वाढला तर दर मिनिटाला जास्त वेळा होतं. आतल्या गॅसचं वजन अख्ख्या टायरमध्ये मिळून शंभर-सव्वाशे ग्रॅम असतं. सात-आठ किलोच्या रबराला तेवढा गॅस काय थंड करणार? त्यात हवा काय, नायट्रोजन काय, उष्णता धरण्याची ताकद जवळजवळ सारखीच.

तापल्यावर दाब वाढण्याचंही तसंच. सकाळी गार टायरमध्ये ३३ भरले आणि दुपारी आतला गॅस पस्तीसएक डिग्रीनं तापला, की गेज ३८-३९ दाखवतो. दोन्हींत तेवढाच. टायर बनवणाऱ्यानं हे धरूनच टायर बनवलेला असतो.

इथे एक अपवाद आहे, आणि टायरवाल्यांना तो ठाऊक असूनही ते सांगत नाहीत, कारण त्यात त्यांचीच लाज आहे. अपवाद पाण्याचा. कॉम्प्रेसर हवा दाबतो तेव्हा हवेतली ओल टाकीच्या बुडाशी पाणी होऊन साचते. टाकीखाली एक छोटा कॉक असतो, तो रोज उघडायचा असतो. पावसाळ्यात आमच्याकडचा कॉक उघडला की आधी फुसफुस, मग गढूळ चहाच्या रंगाचं, वर तेलाचा तवंग असलेलं पाणी येतं, कधीकधी अर्धा मगभर. ज्या दुकानात तो कॉक महिनोन्‌महिने उघडलेला नसतो, तिथे हे पाणी नळीतून तुमच्या टायरमध्ये जातं. हवेत नुसती वाफ असेल तर ती इतर गॅससारखीच वागते. पण टायरमध्ये चमचाभर पाणी गेलं, तर टायर साठच्या वर तापल्यावर त्याची वाफ होते आणि दोन-अडीच पॉइंट जादा दाब चढवते. गार झाली की परत पाणी, आणि ते रिमला गंज लावत बसतं. नायट्रोजन कोरडा येतो, हा त्याचा खरा गुण आहे. रेसच्या गाड्यांना त्याचं महत्त्व आहे, कारण तिथे अर्ध्या पॉइंटानं वळणावरची पकड बदलते. तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच, की कोरडी हवा देणारं दुकान धरा. नळीचं तोंड तळहातावर धरून दोन सेकंद हवा सोडायला सांगा. हात ओला झाला तर पुढच्या दुकानात जा.

विमानाचा दाखला तुमच्या टायरवाल्यानं दिलाच असेल, सगळे देतात. मीही द्यायचो. दाखला खरा आहे. ३१ मार्च १९८६ ला मेक्सिको सिटीहून उडालेल्या मेक्सिकाना या विमान कंपनीच्या बोइंग ७२७ चा एक ब्रेक धरून राहिला, टायर भयंकर तापला आणि पोटात घेतलेल्या चाकाच्या कप्प्यात फुटला. आग लागली आणि विमानातले सगळे १६७ जण गेले. त्या टायरमध्ये नायट्रोजनच्या जागी साधी हवा होती. मोठ्या प्रवासी विमानांच्या ब्रेकच्या चाकांत नायट्रोजनसारखा निष्क्रिय गॅस असावा, ऑक्सिजन पाच टक्क्यांच्या वर नसावा, असा अमेरिकेचा नियम आहे. पण तिथला धोका असा, की ब्रेकच्या भट्टीजवळ रबराच्या आतल्या थरातून जळणारे वायू सुटतात आणि ऑक्सिजन मिळाला की त्यांचा स्फोट होतो. तुमच्या गाडीचा टायर त्या तापमानाच्या कितीतरी आधी फाटून मोकळा झालेला असेल.

२०१९ च्या जुलैत नितीन गडकरींनी संसदेत टायरमध्ये नायट्रोजन सक्तीचा करण्याचा विचार असल्याचं सांगितलं होतं. त्या आठवड्यात माझ्या मशिनपुढे रांग लागली. आपल्या मोटारींना तशी सक्ती काही झाली नाही. पण "सरकारनंच सांगितलंय" हे वाक्य बाजारात राहिलं ते राहिलंच.

मी स्वतः नायट्रोजनचं गुणगान कधी थांबवलं ते सांगतो. २०१३ चा मे महिना. आमच्या रोजच्या ओळखीतले एक काका, गाडीत सहा माणसं, नेवासा फाट्याच्या अलीकडे मागचा डावा टायर फुटला. गाडी दुभाजकाला घासून थांबली, नशिबानं कोणाला काही झालं नाही. गाडी टो होऊन माझ्याकडे आली. फुटलेला टायर रिमवरून उतरवला तर आतून मूठभर काळी पूड सांडली, बारीक दळलेल्या कोळशासारखी, आणि साइडवॉलला आतून सगळीकडे गोल चट्टा पडलेला. ही खूण आम्ही बरोबर ओळखतो. टायर बराच वेळ कमी हवेवर चालला की रबर आतल्या आत घासून अशी पूड होते. बाकीचे तीन टायर मोजले. २६, २५, २४. तिघांच्या व्हॉल्व्हवर हिरव्या टोप्या.

"काका, हवा कधी बघितली होती?"

"अरे, दिवाळीत तूच नायट्रोजन भरलास ना? म्हणालास, आता हवा कमी होत नाही."

यावर काय बोलणार? फुटलेल्या टायरच्या व्हॉल्व्हला बुडाशी बारीक भेग होती. साधी हवा असती तर पंधरा दिवसांनी ते पंपावर थांबले असते आणि एकच टायर सारखा उतरतोय हे कोणाच्या तरी लक्षात आलं असतं. माझ्या हिरव्या टोपीनं त्यांना सहा महिने निर्धास्त ठेवलं. टायरचे पैसे मी घेतले नाहीत. त्या दिवसापासून आमच्याकडे ते वाक्य बंद.

तर मी नायट्रोजन कोणाला भरायला सांगतो? मुलं परदेशात आहेत, आई-वडिलांची गाडी महिन्यातून दोनदा हलते, हवा बघायला कोणी नाही, अशांना. वर्षाला चार-पाच हजार किलोमीटरच चालणाऱ्यांना, कारण त्यांचा टायर झिजण्याआधी म्हातारा होतो आणि आतून ऑक्सिजन कमी लागला तर रबराचं म्हातारपण जरा लांबतं. आणि स्टेपनीला. जिची हवा कोणी कधीच बघत नाही तिला नायट्रोजनची खरी गरज. पण चोवीस वर्षांत स्वतःहून "स्टेपनीतही भरा" म्हणालेली गिऱ्हाइकं मी बोटांवर मोजीन.

तुमच्यासारख्यांना, म्हणजे गाडी रोज चालते आणि पंप वाटेवर आहे, त्यांना साधी कोरडी हवा पुरे. दोनशे रुपये वाचतील. त्यात थोडी भर घालून स्वतःचा डायलचा गेज घ्या आणि कायम तोच वापरा. गेज एखाद-दुसऱ्या पॉइंटानं चुकीचा असला तरी चालेल, तो रोज तेवढाच चुकतो.

आता तुमच्या प्रवासाचं. इथे नायट्रोजनपेक्षा दहापट महत्त्वाच्या गोष्टी आहेत.

ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावर स्टिकर असतो. त्यावर बहुतेक दोन आकडे असतात, कमी माणसांचा आणि भरल्या गाडीचा. तुम्ही चौघं-पाच जण, डिकी भरलेली, तर भरल्या गाडीचा आकडा घ्या. मागच्या चाकांना तो बऱ्याचदा जास्त असतो. टायरवर लिहिलेला 'मॅक्स'चा आकडा टायरची कमाल मर्यादा सांगतो, तेवढी हवा भरायची नसते. हवा सकाळी निघण्याआधी, गार टायरवर. पंप दोन-तीन किलोमीटरच्या आत असेल तर तिथपर्यंत गेलेलं चालतं.

"उन्हाळा आहे, दोन-तीन पॉइंट कमीच ठेवा" हा सल्ला कोणी दिला तर कानाआड करा. दिसायला तर्कशुद्ध आहे, परिणाम नेमका उलटा होतो. कमी हवा, जास्त वाकणं, जास्त ताप. तसंच वाटेत जेवायला थांबलात, गेज ३९ दाखवतोय म्हणून हवा सोडू नका. त्या वेळी आकडा किती वाढला यापेक्षा चौघांतला एक वेगळा आहे का ते बघा. तीन टायर ३८-३९ आणि एक ३४, तर त्या एकात काहीतरी आहे. उन्हाच्या बाजूचे पॉइंटभर चढे दिसले तर ते साहजिक.

मग टायरचं वय. साइडवॉलवर डीओटी अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ लिहिलं असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. काही वेळा हे आकडे आतल्या बाजूला येतात, तेव्हा वाकून किंवा गाडी उचलून बघा. गाडी पाच वर्षांची म्हणजे टायर निदान तेवढे आहेतच. पाच वर्षांचा टायर लगेच फेका असं मी म्हणणार नाही. गाडी सावलीत राहिली की उघड्यावर, किती चालली, यावर ते ठरतं. पण नक्षीच्या बुडाशी किंवा साइडवॉलला बारीक भेगांचं जाळं दिसत असेल, तर समृद्धीवर त्याची परीक्षा घेऊ नका. खोबणीतली नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की कायद्यानं टायर संपला. माझ्या मते लांबच्या प्रवासाला तीनच्या खाली नको. साइडवॉलला फुगा आला असेल, अगदी लिंबाएवढा का होईना, तर आतले दोरे तुटलेत. तो टायर गावातसुद्धा नको. आणि साइडवॉलला पंक्चर काढून दिलेलं असेल, तर काढून देणाऱ्याला मनातल्या मनात दोन शिव्या देऊन टायर बदला.

शेवटचा भाग तुमच्या उजव्या पायाचा. समृद्धी ७०१ किलोमीटरची आहे, मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे, आणि मध्ये ना सिग्नल ना गाव. जुन्या रस्त्यावर दर अर्ध्या तासानं काहीतरी आडवं यायचं आणि टायरला आपोआप श्वास मिळायचा. इथे तो तुम्ही द्यायचा. पाच वर्षांचे टायर आणि भरली गाडी असेल तर मी स्वतः शंभरच्या आत चालवतो आणि दीड-दोन तासांनी पंधरा मिनिटं थांबतो. उतरल्यावर एक फेरी मारून चारही टायरना हाताची पाठ लावतो. एखादा बाकीच्यांपेक्षा चटका देणारा लागला, तर आधी गेज, मग चहा.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी सातच्या आत घराजवळच्या कुठल्याही टायरवाल्याकडे जा. गार टायर मोजून द्यायचे सहसा कोणी पैसे घेत नाही. तेव्हा डिकी मात्र रिकामी ठेवा. सगळ्यात आधी स्टेपनी बाहेर काढायला सांगा, आणि ती भरताना तीन-चार पॉइंट जास्तच भरून घ्या.